शालेय मुलांचे मनःस्वास्थ्य : शाळेची आणि गावाची जबाबदारी

(मुख्याध्यापक, शिक्षक, केंद्रप्रमुख आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मूल शाळेत दाखल झाले की त्याचे नाव, जन्मतारीख आणि पालकांचा व्यवसाय यांची नोंद जनरल रजिस्टरात होते. वर्षातून एकदा आरोग्य पथक येते. उंची आणि वजन मोजले जाते. डोळे, दात, कान तपासले जातात. शालेय पोषण आहाराचा तांदूळ किती शिजला याचा हिशेब रोजच्या रोज लिहिला जातो. या सर्व नोंदी आवश्यकच आहेत. परंतु ते मूल आनंदात आहे की नाही, रात्री त्याला झोप लागते की नाही, वर्गात त्याला कोणी मित्र आहे की नाही, हे विचारणारा रकाना कोणत्याही नोंदवहीत आढळत नाही. हा रकाना छापून भरण्यासारखा नाही. तो शिक्षकाने आपल्या ध्यानात ठेवावयाचा असतो.

मनोविकारतज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. समुपदेशक तालुक्याला मिळेलच याची खात्री देता येत नाही. शिक्षक मात्र दररोज पाच-सहा तास मुलांच्या सहवासात असतो. मुलाच्या चेहऱ्यावरचा फरक आईवडिलांच्या खालोखाल, आणि आईवडील कामानिमित्त परगावी असतील तर त्यांच्याही आधी, त्याच्याच नजरेस पडतो. शिक्षकाने डॉक्टर व्हावे अशी अपेक्षा कोणीही करणार नाही. फरक ओळखणे, आपुलकीने विचारपूस करणे आणि योग्य ठिकाणी पोहोचविणे, एवढे तीन टप्पे त्याच्याकडून अभिप्रेत आहेत. मुलांच्या मनःस्वास्थ्याचा बराचसा प्रश्न या तीन टप्प्यांवरच सुटतो किंवा अडतो.

प्रश्नाची व्याप्ती

मनाचे आजार हे मोठ्या माणसांचे आणि शहरातले, अशी एक समजूत रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्या विकारांची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत झालेली असते आणि त्यांतील बहुसंख्य त्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार निदर्शनास आणले आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलामुलींत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळून आला. माध्यमिक शाळेतील चाळीस मुलांच्या वर्गाला हे प्रमाण लावले, तर तीन मुले अशी निघतात. त्या तिघांची नावे वर्गशिक्षकाला ठाऊक आहेत काय, हा खरा प्रश्न आहे.

विकाराच्या पायरीपर्यंत न पोहोचलेल्या, परंतु सतत काळजीत असलेल्या मुलांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणे असल्याचे त्यांपैकी ८१ टक्के मुलांनी सांगितले. त्याच पाहणीत ७३ टक्के मुलांनी शालेय जीवनाबद्दल समाधानही व्यक्त केले. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. मुलांना शाळा हवी आहे. शाळेतील भीती नको आहे.

दुःखाची भाषा

मोठा माणूस ‘मन लागत नाही’ असे म्हणतो. आठ वर्षांच्या मुलाजवळ हे शब्द नसतात. त्याचे पोट दुखते, डोके दुखते, शाळेला निघताना उलटी होते. तपासले असता शरीरात दोष सापडत नाही आणि मग ‘ढोंग करतो’ असा शिक्का बसतो. वस्तुतः दुखणे खरे असते. फक्त त्याचे मूळ पोटात नसते. थोडी मोठी मुले चिडचिड करतात, दांडी मारतात, भांडतात, वर्गात झोपतात. नेटके अक्षर काढणाऱ्या मुलीची वही अचानक गबाळी होते. खेळाच्या तासाला पुढे असणारा मुलगा झाडाखाली एकटा बसू लागतो.

अशी चिन्हे पाहताना एक नियम उपयोगी पडतो. मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी करू नये. ती त्याच मुलाच्या कालच्या वागण्याशी करावी. मुळातच अबोल असलेले मूल अबोल राहिले, तर काळजीचे कारण नाही. बडबडे मूल दोन आठवडे गप्प राहिले, तर आहे.

दंगा करणारे मूल निदान शिक्षकाच्या डोळ्यांत तरी भरते. शांतपणे मिटत जाणारे मूल मात्र ‘गुणी’ म्हणून वाखाणले जाते. त्याचा कोणालाच त्रास नसतो, म्हणून त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. तेव्हा तक्रार न करणाऱ्या मुलांकडे मुद्दाम पाहण्याची सवय शिक्षकाने लावून घेतली पाहिजे.

मनाचा वाटणारा प्रत्येक त्रास मनाचाच असतो असेही नव्हे. फळ्यावरचे दिसत नसेल, ऐकू कमी येत असेल, तर मूल मागे पडते आणि मग हिरमुसते. काही मुलांची बुद्धी उत्तम असूनही त्यांना वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी गोष्ट कमालीची जड जाते. तिला अध्ययन अक्षमता म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश आहे. तोंडी उत्तरे अचूक देणारे परंतु लिहिताना अक्षरे उलटसुलट करणारे मूल ‘ढ’ ठरविण्याआधी त्याची तपासणी करून घेणे हे शाळेचे कर्तव्य होय. वर्षानुवर्षे ‘ढ’ म्हणवून घेतलेल्या मुलाच्या मनावर जो ओरखडा उमटतो, तो मूळ अक्षमतेपेक्षा अधिक नुकसान करतो.

घरची परिस्थिती आणि शाळा

मुलाचे मन घराच्या परिस्थितीपासून वेगळे काढता येत नाही. बीड जिल्ह्यात आणि लगतच्या भागांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल बरोबर गेले तर शाळा सुटते. कोपीतले आयुष्य, पहाटेची थंडी आणि धाकट्या भावंडाचा सांभाळ वाट्याला येतो. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिले तर शाळा टिकते, पण सहा महिने आई दिसत नाही. दोन्ही बाजूंनी काहीतरी गमवावेच लागते. नोव्हेंबरात अशा मुलांचे लक्ष अभ्यासातून उडाले, तर ते आळसाने नव्हे. वसतिगृहातील जेवणाइतकेच महत्त्व तेथून आईवडिलांशी ठरलेल्या दिवशी फोनवर बोलता येण्याला आहे. या व्यवस्थेला फारसा खर्चही येत नाही.

आदिवासी भागातील आश्रमशाळांचा प्रश्न काहीसा असाच आहे. सहा-सात वर्षांचे मूल पाड्यावरून उठून वसतिगृहात येते. घरी कोरकू, भिली, गोंडी, माडिया किंवा वारली बोललेली असते. पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. रात्री रडणाऱ्या मुलाला आपले दुःख सांगावयाचे झाले तर कोणत्या भाषेत सांगावे, हीच पहिली अडचण. त्याची बोली जाणणारा एखादा कर्मचारी, स्वयंपाकीण किंवा वरच्या वर्गातला मुलगा त्याच्या जवळ असणे हा येथे मोठाच आधार ठरतो.

या बाबतीत महाराष्ट्राला स्वतःचीच परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. अक्षरओळखीच्या आधी स्वच्छता, गाणी, गोष्टी आणि आपुलकी हा क्रम त्यांनी धरला. मूल आधी निर्भय झाले पाहिजे, मग ते शिकते, हे त्यांच्या कामाचे सार होते.

शेतीतील संकटाची छायाही मुलांवर पडते. विदर्भ आणि मराठवाडा येथील चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी शासनाने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्या निमित्ताने आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी विचारपूस करण्याची पद्धत पडली. ज्या घरात कर्ता पुरुष गेला आहे किंवा खचला आहे, त्या घरातील मूल आपल्याच वर्गात बसलेले असते. दहाव्या-अकराव्या वर्षी ते एकाएकी समंजस होते, काही मागत नाही, हट्ट करीत नाही. या समंजसपणाचे कौतुक करून थांबू नये. त्या मुलालाही रडण्याची आणि खेळण्याची मुभा हवी असते.

परीक्षा, निकाल आणि अपमान

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यवार संख्येत महाराष्ट्र सर्वांत वर होता. यात महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत आणि प्रत्येक घटनेमागे परीक्षाच होती असे नाही. अशा घटनेची कारणे बहुधा एकात एक गुंतलेली असतात. तथापि निकालाचा दिवस हा धोक्याचा दिवस आहे, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला सांगावे लागू नये.

दहावीत अनुत्तीर्ण होणे म्हणजे वर्ष वाया जाणे, अशी स्थिती पूर्वी होती. २०१५ सालापासून निकालानंतर लवकरच पुन्हा परीक्षा घेण्याची पद्धत राज्य मंडळाने सुरू केली. एकदोन विषयांत मागे राहिलेल्या मुलांना अकरावीत तात्पुरत्या प्रवेशाची सवलत आहे. ही माहिती शिक्षकांना असते. ज्याला तिची सर्वांत अधिक गरज आहे त्या मुलाला ती निकालाच्या आधी कोणी सांगितलेली असते काय? फेब्रुवारीतच वर्गात हे स्पष्ट सांगावे. ज्यांचा निकाल डळमळीत दिसतो त्यांच्या पालकांशी आधी बोलावे आणि निकालाच्या दिवशी संध्याकाळी त्या घरी कोणीतरी जाऊन यावे. गुणवंतांच्या घरी पेढे घेऊन जाणारे अनेक असतात. दुसऱ्या घरी जाणारा शिक्षक मुलाच्या जन्मभर लक्षात राहतो.

छडीवाचून विद्या येत नाही, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. छडी पुष्कळ ठिकाणी थांबली. जिभेचा मार थांबला आहे असे म्हणवत नाही. फी राहिली म्हणून उभे करणे, फाटक्या गणवेशावरून बोलणे, रंगावरून, शरीरयष्टीवरून वा जातीवरून टोमणे मारणे, कमी गुणांचा पेपर वर्गात मोठ्याने वाचून दाखविणे, हा सारा छळच होय. वर्गातल्या मुलांनी एकमेकांना दिलेल्या अशा त्रासाकडे ‘मुलांचे चालायचेच’ म्हणून डोळेझाक करणेही योग्य नाही. हा त्रास आता मोबाइलवरून घरापर्यंत पाठलाग करतो.

विचारपूस कशी करावी

मूल अडचणीत आहे असे वाटले, तर वर्गासमोर विचारू नये. मधल्या सुट्टीत, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी त्याला जवळ बसवावे. ‘तुला झाले तरी काय?’ या प्रश्नाने मूल मिटते. ‘आठ दिवस झाले, तू खेळायला जात नाहीस, काही बोलावेसे वाटते का?’ या प्रश्नाने ते बहुधा उलगडते. त्या दिवशी बोलले नाही तरी चालेल; विचारणारा कोणीतरी आहे, एवढे त्याला कळलेले असते. ते बोलू लागले की उपदेश करू नये, इतरांचे दाखले देऊ नयेत, मध्ये तोडू नये. ऐकणे हेच त्या घटकेचे काम.

‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी ज्यांना सांगणे आवश्यक आहे, त्यांनाच सांगेन’ असे प्रामाणिकपणे सांगावे. कारण काही गोष्टी कळल्यावर गप्प राहता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास पोक्सो अधिनियम, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. शाळेची किंवा गावाची बदनामी होईल, हे कारण तेथे चालत नाही.

‘जगावेसे वाटत नाही’ असे मूल म्हणाले, तर ते लक्ष वेधण्यासाठी म्हणते असे समजू नये. असा विचार मनात येतो का, हे शांतपणे विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट मुलाचा भार हलका होतो. अशा मुलाला एकटे सोडू नये, पालकांना त्याच दिवशी बोलावून घ्यावे आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर संपर्क साधावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

उपलब्ध व्यवस्था आणि तिचा वापर

शासकीय पातळीवर व्यवस्था नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ सालापासून शाळांत येतात. त्यांच्या तपासणीत विकासातील विलंबाचाही समावेश आहे. १० ते १९ वयोगटासाठी २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील किशोरवयीनांसाठीचे दवाखाने आपल्या राज्यात ‘मैत्री’ या नावाने ओळखले जातात. २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे. त्यांच्या अकरा विषयांत भावनिक स्वास्थ्य हा एक विषय आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी राज्यात २०२२ सालापासून सखी सावित्री समित्या आहेत.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशातील शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने पात्र समुपदेशकाची नेमणूक करावी अथवा त्याची सेवा घ्यावी. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळक अक्षरांत लावावेत, असे त्यांत म्हटले आहे. लहान शाळांनी या दुसऱ्या तत्त्वाकडे विशेष लक्ष द्यावे. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचा वार आणि वेळ, जवळच्या ‘मैत्री’ केंद्राचा पत्ता आणि तेथील व्यक्तीचे नाव मुख्याध्यापकांच्या टेबलावर लिहिलेले असावे. मूल पाठवावयाची वेळ येईल त्या दिवशी शोधाशोध करण्यात दिवस जाऊ नये.

अधिकाऱ्यांनी येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. दोन शिक्षकी शाळेतील शिक्षकावर चार वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामे यांचा भार असतो. त्यावर मनःस्वास्थ्याचा आणखी एक मासिक तक्ता लादला, तर तक्ता भरला जाईल आणि मूल पाहिले जाणार नाही. तपासणीच्या वेळी किती कार्यक्रम झाले हे विचारण्याऐवजी गेल्या सहामाहीत किती मुलांच्या घरी जाणे झाले, याची सहज चौकशी करावी. शिक्षकाचेही मन असते, आणि अपमानित शिक्षक मुलांना आदर देऊ शकत नाही, याचाही विसर पडू नये.

पंचायतीचा वाटा

बालस्नेही गाव ही ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या नऊ संकल्पनांपैकी एक आहे. तिच्या नावाखाली भिंत रंगविणे सोपे. पण मुलांना त्याहून साध्या गोष्टी हव्या असतात. खेळण्याचे मैदान अतिक्रमणातून मोकळे ठेवणे, संध्याकाळी दिव्याखाली बसून वाचता येईल अशी जागा देणे, शाळेच्या वाटेवर मुलींना छेडणाऱ्यांना सरपंचाने स्वतः समज देणे, ही कामे पंचायतीची आहेत. बालसभेत मुलांनी मांडलेले म्हणणे पुढल्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. निदान एका मागणीचे उत्तर मुलांना मिळावे. ग्राम बाल संरक्षण समितीची बैठक केवळ इतिवृत्तापुरती होऊ नये. ज्या घरात नुकतेच मरण झाले आहे, ज्या घरातील आईवडील हंगामाला गेले आहेत, ज्या मुलीचे लग्न घाईने ठरत आहे, त्या मुलांची नावे बैठकीत निघाली पाहिजेत. तीन-चतुर्थांश पालक सदस्य असलेली शाळा व्यवस्थापन समिती या कामी मोठीच मदत करू शकते.

गावात मूल विचित्र वागू लागले की नजर लागली, बाहेरची बाधा झाली असे म्हटले जाते आणि घरचे देवऋषीकडे जातात. त्यांच्याशी वाद घालून, त्यांची टर उडवून काही साधत नाही. ते फक्त मुलाला लपवू लागतात. मारहाण, उपाशी ठेवणे, साखळीने बांधणे यांना मात्र ठाम विरोध केला पाहिजे. ‘तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, मुलाला एकदा डॉक्टरांनाही दाखवू, मी बरोबर येतो’ असे एखाद्या वडीलधाऱ्या सदस्याने म्हटले, तर दार उघडते. मानसिक उपचार घेणारे मूल ‘वेडे’ नव्हे, हे शिक्षकाने वर्गात आणि पंचाने पारावर सांगितले पाहिजे. ताप आला की औषध घेतात, तसेच हे.

यातील बहुतेक कामांना नवे अनुदान लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. उद्या सकाळी हजेरी घेताना प्रत्येक नावापाशी क्षणभर मान वर करून मुलाकडे पाहिले आणि ज्याचा ‘हजर’ नेहमीसारखा उमटला नाही त्याला मधल्या सुट्टीत जवळ बोलावले, तरी या कामाचा प्रारंभ झाला असे म्हणता येईल.